शेर गेला, गुंठा राहिला

ब्रिटिश अमदानीत पश्चिम भारतातल्या व्यापाऱ्याला ‘एक मण माल’ एवढे सांगून भागत नसे. कुठला मण, हे आधी ठरवावे लागे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, सुरतेचा ३७ १/३ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि रेल्वेच्या मालधक्क्यावरचा ८२ २/७ पौंडांचा. खंडी बहुधा वीस मणांची धरत, त्यामुळे मुंबईची खंडी ५६० पौंडांची होई, पण कापसाच्या व्यापारातली सुरती खंडी एकवीस सुरती मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची. दूरच्या पेढीशी पत्राने सौदा करणारे लोक भावाइतकाच काळजीपूर्वक मापाचा उल्लेख करत, कारण भांडण बहुधा तिथेच उभे राही.

गावात तर धान्य तोलण्यापेक्षा मापण्याची रीत अधिक होती. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. इथपर्यंत सगळे दुपटीने चाले. पुढे देशावर बहुतेक ठिकाणी बारा पायल्यांचा मण धरत, काही भागांत सोळांचा. माप भरताना वर शीग लावायची की हात फिरवून ते सपाट करायचे, यावर दर पायलीमागे मूठ-दोन मुठींचा फरक पडे. देताना सपाट आणि घेताना शीग, ही सावकाराविषयीची तक्रार त्यामुळेच पिढ्यान्‌पिढ्या टिकली. धान्य जाड की बारीक, ओले की वाळलेले, माप खालवर हलवून भरले की अलगद, यानेही आकडा बदलत असे. ज्याच्या हातात माप, त्याच्या हातात व्यवहार, अशी ही व्यवस्था होती. ती मोडणे हे गरिबाच्या हिताचे होते, ही गोष्ट दशमान पद्धतीच्या इतिहासात पुरेशी ठळकपणे सांगितली जात नाही.

ब्रिटिशांनी या पसाऱ्यावर आपली मापे आणून बसवली: फूट, यार्ड, मैल, एकर, गॅलन, पौंड, टन. ती मापे त्यांच्या देशातही १८२४च्या कायद्याने नुकती कुठे एकसारखी झाली होती. बारा इंचांचा फूट, तीन फुटांचा यार्ड, १,७६० यार्डांचा मैल, सोळा औंसांचा पौंड, ११२ पौंडांचा हंड्रेडवेट, वीस हंड्रेडवेटांचा टन. यात प्रत्येक पायरीला वेगळा आकडा पाठ करावा लागतो. देशी मापांचीही तीच गत होती: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, पाच तोळ्यांची छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. दोन्ही पद्धती अनुभवातून वाढलेल्या होत्या आणि दोन्हींचे गणित अवघड होते. मुंबईचा कारकून, रेल्वेचा मालबाबू, कापडाचा दलाल हे सारे एकाच दिवसात दोन्हींत वावरत. एकात दुसरे बसवण्याचा एक प्रयत्न १८३३ साली बंगालमध्ये झाला. रुपयाचे वजन १८० ग्रेन ठरले, तेवढाच तोळा धरला गेला, आणि त्यावरून ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण निघाला. रेल्वेने हाच मण उचलला आणि रुळांबरोबर तो देशभर गेला.

क्रांतीनंतरच्या फ्रान्सने १७९५ साली मीटर, लिटर आणि ग्रॅम यांवर उभी असलेली दशमान पद्धत कायद्याने स्वीकारली होती. तिचे वैशिष्ट्य एवढेच की प्रत्येक पायरी दहाची होती, आणि लांबी, धारणक्षमता व वजन ही मापे एकमेकांना जोडलेली होती. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम, हा तो जोड. इंग्लंडने १८६४ साली या मापांत करार करायला परवानगी दिली, सक्ती मात्र केली नाही. हिंदुस्थानातल्या सरकारने त्याच सुमारास एक पाऊल पुढे टाकले, आणि हा भाग आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. कर्नल रिचर्ड स्ट्रेची यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या आग्रहाने दशमान मापांची शिफारस झाली. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत १८७० आणि १८७१ साली तसे कायदे संमत झाले. त्यांत शेर हे नाव कायम ठेवून त्याचे वजन बरोबर एक किलोग्रॅम ठरवले होते. शेर साधारण ९३३ ग्रॅमचा होताच. तो थोडा वाढवला की लोकांचा शब्द राहतो आणि जगाचे माप येते, अशी ती शहाणपणाची योजना होती. फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात मेयो यांची हत्या झाली. नंतरच्या सरकारांनी या कायद्यांचा अंमल केलाच नाही.

त्या प्रयत्नाची एक खूण मात्र लोखंडात उमटून राहिली. त्याच काळात कमी खर्चाच्या रेल्वेमार्गांसाठी अरुंद रूळ निवडायचे होते. देशात दशमान मापे येणारच, या हिशेबाने रुळांमधले अंतर नेमके एक मीटर ठरवले गेले. मुंबई-ठाणे मार्गाची रुंदी ५ फूट ६ इंच होती. नव्या मार्गांची एक मीटर. मापांचा कायदा कागदावर राहिला आणि मीटरगेज हजारो मैल पसरले. पुणे-मिरज-लोंढा हा मार्ग आणि कॅसलरॉकवरून गोव्यात मुरगावला उतरणारा मार्ग दोन्ही मीटरगेजचे होते. पुढची कित्येक वर्षे त्या मार्गांवरची अंतरे मैलांत, माल मणांत आणि फक्त रुळांची रुंदी मीटरमध्ये, असा कारभार चालला.

१८८९ साली लांबीसाठी इंग्रजी यार्ड प्रमाण ठरला, तर १९३९च्या कायद्याने तोळा-शेर-मण ही रेल्वेची वजने सगळीकडे लागू करायचे ठरले. हा कायदा १९४२ साली अमलात आला. युद्धाच्या धामधुमीत त्याची अंमलबजावणी जेमतेमच झाली, आणि बाजारात जुने मण चालू राहिले ते राहिलेच.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला. देशात पोलाद, सिमेंट, यंत्रे यांचे कारखाने उभे राहणार होते आणि त्यांची यंत्रसामग्री इंग्लंडखेरीज जर्मनी, रशिया, जपान या मीटरच्या देशांतूनही येणार होती. कारखाने एकदा इंचांत उभे राहिले की नंतर बदलणे फार महाग पडेल, म्हणून बदल करायचा तर आत्ताच, हा युक्तिवाद निर्णायक ठरला. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने आणि तिचे पहिले संचालक लाल चंद वर्मन यांनी या बाजूने जोर लावला. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस आणि पीतांबर पंत हेही दशमान पद्धतीचे पुरस्कर्ते होते. पंतप्रधान नेहरूंचा पाठिंबा होता. १९५५ साली लोकसभेने देशभर दशमान मापे आणण्याच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी नाणेविषयक कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १९५६च्या अखेरीस वजनमापांचा कायदा संमत झाला.

आधी पैसा बदलायचा आणि मग वजने, हा क्रम विचारपूर्वक ठरवला होता. दशांशाचा हिशेब एकदा खिशातल्या नाण्यांतून अंगवळणी पडला की किलो-ग्रॅम समजायला वेळ लागत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पया, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पया होत. नव्या नाण्यांवर ‘रुपये का सौवाँ भाग’ असे स्पष्ट लिहिले होते. टपाल तिकिटेही त्याच दिवशी नव्या पैशांत निघाली.

अडचण आण्यात होती. सोळा आण्यांचे शंभर पैसे म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. अधिकृत तक्त्यात एक आणा सहा नव्या पैशांचा, दोन आणे बाराचे, तीन आणे एकोणिसाचे आणि चार आणे पंचविसाचे धरले होते. चार आणे एकरकमी दिले तर पंचवीस नवे पैसे, पण तेच एकेक आणा करून चार वेळा दिले तर चोवीसच. ज्याचा रोजचा व्यवहारच आण्या-दोन आण्यांचा होता, त्याच्या मनात यामुळे शंका येणे स्वाभाविक होते. अनेक वर्षे दोन्ही नाणी एकत्र चालू ठेवली गेली. पावली आणि अधेलीचा पंचवीस व पन्नास पैशांशी बरोबर मेळ बसत असल्याने ‘चार आणे’, ‘आठ आणे’, ‘बारा आणे’ हे शब्द बिनदिक्कत पुढे गेले. चवलीला मात्र साडेबारा पैशांचे नाणे नसल्याने जोडीदार मिळाला नाही आणि ती लवकर विसरली गेली. १९६४ साली ‘नवा’ हे विशेषण अधिकृतपणे गळून पैसा नुसता पैसा झाला.

हिशेबात काय बदलले, हे एका व्यवहारावरून दिसते. जुन्या पद्धतीत मणाला १८ रुपये १२ आणे भावाने २ मण १५ शेर गूळ घेतला तर व्यापारी असा हिशेब करी: दोन मणांचे ३७ रुपये ८ आणे, दहा शेर म्हणजे पाव मण, त्याचे ४ रुपये ११ आणे, उरलेले पाच शेर त्याच्या निम्मे, म्हणजे २ रुपये ५ आणे ६ पया. बेरीज ४४ रुपये ८ आणे ६ पया. हे तोंडी होत असे, आणि त्यासाठी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेतलेली असे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे निम्मे आणि पाव करत चालणाऱ्या मापांसाठीच होते. शेराचा अच्छेर, अच्छेराचा पावशेर, पावशेराचे नवटाक. तराजूच्या दोन पारड्यांत माल सारखा वाटूनही इतकी विभागणी साधता येते. ही बुद्धिमान पद्धत होती आणि तिने मराठी मुलुखात तोंडी हिशेब करणाऱ्यांच्या पिढ्या घडवल्या. नव्या पद्धतीत क्विंटलला ५० रुपये भावाने ८८ किलो ५०० ग्रॅम गुळाचे ४४ रुपये २५ पैसे, हे एका गुणाकारात आणि दशांशचिन्ह सरकवून निघते. पाढे पाठ नसलेल्यालाही तो करता येतो. पुढे औटकी शाळेतून गेली, आणि अडाणी गिऱ्हाईक व हुशार दुकानदार यांच्यातले अंतर थोडे कमी झाले. या देवघेवीत काही गमावले, पण जास्त कमावले, असेच म्हणावे लागेल.

वजनांचा बदल १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. आधी निवडक भाग आणि उद्योग, मग बाकीचे. प्रत्येक ठिकाणी काही काळ जुनी-नवी दोन्ही वजने चालत आणि नंतर जुनी बंद होत. मुंबई राज्याने अंमलबजावणीसाठी १९५८ साली स्वतःचा कायदा केला. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा काम अर्ध्यावर होते. एप्रिल १९६२ पासून किलोग्रॅम देशभर सक्तीचा झाला. लांबीचे मीटर आणि धारणक्षमतेचे लिटर यांचे टप्पे त्याच्या आगेमागे पुरे होत गेले.

कायद्याइतकेच महत्त्वाचे काम लोखंडाने केले. देशभरच्या दुकानदारांना नवी वजने पुरवायची, ती सारखी असायला हवीत आणि निरक्षर माणसालाही ओळखता यायला हवीत, असा तो प्रश्न होता. षटकोनी ओतीव लोखंडी वजने आली. ५ किलो, २ किलो, १ किलो, ५००, २००, १०० आणि ५० ग्रॅम. वजनाच्या अंगात एक भोक असते, त्यात शिसे भरून वजन नेमके करतात आणि त्या शिशावर निरीक्षक ठसा मारतो. शिसे काढून वजन हलके केले तर ठसाही जातो. ठरावीक मुदतीने वजने पुन्हा तपासून घ्यावी लागतात. तपासणीसाठी लागणारी प्रमाण वजने मुंबईच्या टांकसाळीत बनत आली आहेत. साखळीच्या दुसऱ्या टोकाला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, भारताला मिळालेली ५७ क्रमांकाची किलोग्रॅमची प्रत जपलेली आहे.

पहिल्या काही वर्षांत बाजारात गोंधळ झालाच. किलो शेरापेक्षा सुमारे सहा तोळ्यांनी जड. शेराला एक रुपया भाव असलेली वस्तू किलोला एक रुपया सात पैशांना मिळायला हवी, पण दुकानदाराने सव्वा रुपया मागितला तर तेवढ्यातल्या तेवढ्यात ताडून पाहणार कोण? गिऱ्हाईक जुन्या सवयीने शेरभर मागे आणि दुकानदार किलोची वजने टाकून ९३३ ग्रॅम जुळवू पाही. जुन्या मापाचे नव्यात रूपांतर करत बसण्यापेक्षा सरळ नव्या मापातच माल मागावा, हा धडा सरकारी प्रचारातून देणे त्यामुळेच भाग होते. तो लोकांनी लवकर घेतला. भाजी, दूध, तेल, धान्य या रोज नव्याने मापल्या-तोलल्या जाणाऱ्या वस्तू. कालच्या मापाशी त्यांचा संबंध नसतो. एका पिढीत शेर दुकानातून गेला. ‘पावशेर’ हा शब्द राहिला, पण त्याचा अर्थ २५० ग्रॅम झाला.

इंग्लंडने दशमान मापांकडे जायचे १९६५ साली जाहीर केले आणि आपला पौंड १९७१ साली शंभर पेनींचा केला. तिथल्या रस्त्यांवर आजही मैल आहेत. अमेरिकेत १९७५चा कायदा ऐच्छिकच राहिला. ज्यांच्याकडून फूट-पौंड घेतले त्यांच्या आधी भारताने ते सोडले, तेही साक्षरता बेताची असताना, आणि ठरवलेल्या मुदतीच्या आसपास. स्वतंत्र भारताच्या प्रशासनाच्या मोठ्या यशांत याची गणना व्हायला हवी.

जिथे माप वस्तूतच घडवलेले असते तिथे मात्र हा बदल अडला. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण जमीन. मुंबई इलाख्यात १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीने इंदापूर तालुक्यापासून शेत न् शेत मोजले. त्याआधी काठी, पांड, बिघा, चाहूर ही मापे होती. नव्या मोजणीसाठी ३३ फुटांची साखळी घेतली गेली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठ्याचेही सोळा आणे पाडलेले होते. बांध, नकाशे, वाटण्या, खरेदीखते, कोर्टातले दावे, सगळे याच मापात झाले. दशमान पद्धत आली तेव्हा शेते काही हलणार नव्हती. एक योगायोग मात्र कामी आला. दशमान पद्धतीतला आर १०० चौरस मीटरचा, आणि गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. दोन्ही जवळजवळ एकच. त्यामुळे सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये आले तरी शेतकरी आर हा गुंठाच समजून वाचू शकतो. १०० गुंठ्यांचे, म्हणजे अडीच एकरांचे, सातबाऱ्यावर १ हेक्टर १ आर १७ चौरस मीटर होतात. बोलताना हा फरक कुणी धरत नाही. वाटणीत किंवा भूसंपादनाच्या मोबदल्यात तो धरावाच लागतो, कारण शहरालगतच्या जमिनीत एका आराची किंमत लाखांत जाते.

सोन्याचा तोळा वेगळ्या रीतीने टिकला. मूळ तोळा ११.६६ ग्रॅमचा. भाव दहा ग्रॅमला निघू लागला तसा सराफकट्ट्यावर दहा ग्रॅमलाच तोळा म्हणणे रूढ झाले. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या आणि नातीने घेतलेले पाच तोळ्यांचे दागिने यांत त्यामुळे आठ ग्रॅमांहून अधिक फरक पडू शकतो. कापसात खंडी अजून जिवंत आहे: बाजार समितीत शेतकऱ्याला भाव क्विंटलला मिळतो, पण गाठींच्या व्यापारात रुईचा भाव खंडीलाच सांगतात. ही तीच ७८४ पौंडांची सुरती खंडी, आता ३५६ किलोंची. कापड मीटरवर विकले जाते, नेसायचे लुगडे नऊवारीच असते आणि शिंपी माप इंचांतच घेतो.

बांधकामावर तर एकाच जागी तिन्ही पिढ्यांची मापे चालतात. वाळू, मुरूम, खडी ब्रासवर येते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. सळई कारखान्यातून १० किंवा १२ मिलिमीटरची येते, आणि गवंडी तिला तीन सुती, चार सुती म्हणतो, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. प्लायवूडचा ताव आठ बाय चार फुटांचा, नळ अर्ध्या इंचाचा, फरशी दोन बाय दोन फुटांची. एका भागाचे माप बदलले तर त्याला जोडले जाणारे सारे बदलावे लागते, म्हणून कुणी एकटा बदलत नाही. घर विकत घेताना महारेराच्या नोंदणीत आणि करारनाम्यात चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये असते, मुद्रांक शुल्कासाठीचा शासकीय दरही चौरस मीटरला. गिऱ्हाईक आणि दलाल मात्र चौरस फुटाच्या भावाने बोलतात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. ६० चौरस मीटरचे घर म्हणून ६५० फूट ऐकवले गेले तर ते बरोबरच्या जवळ आहे. ७०० ऐकवले तर करारनामा पुन्हा वाचावा, कारण २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्यापुढे आणि न्यायालयापुढे ग्राह्य धरला जाईल तो चौरस मीटरचा आकडा.